सातव्या वेळेचा आकडा

जबाब देणार: मयत बाईचा नवरा. वय सव्वीस वर्षे. शिक्षण सातवी पास, आठवीच्या वर्गात बसलो पण टिकलो नाही. धंदा पाइपलाइनच्या कामावर प्रेशर टेस्टिंगचा हेल्पर. राहणार सध्या कामाच्या जागी पत्र्याच्या खोलीत, सहा जणांत. कायमचा पत्ता आईचे घर, पाण्याच्या टाकीमागची गल्ली, जिन्याखालचे दार.

मी समक्ष ठाण्यात हजर होऊन, कोणाच्या धाकाशिवाय, पूर्ण शुद्धीत सांगतो की, माझ्या मेहुण्यांनी, म्हणजे मयताच्या थोरल्या भावाने, स्त्रियांच्या दवाखान्यातल्या सिस्टरविरुद्ध जो तक्रार अर्ज दिला आहे, त्याच्याखाली माझी सही घेण्यासाठी मला आज बोलावले. अर्ज मला वाचून दाखवला. त्यावर मी सही केली नाही. का केली नाही ते लिहून घ्या अशी मीच विनंती केल्यावरून हा जबाब.

आमच्या घरी मी, माझी आई आणि बायको अशी तीन माणसे. लग्नाला तीन वर्षे झाली. बायको घरी मशीनवर शाळेची दप्तरे शिवायची. माझे मन एका जागी लागत नाही. चार वर्षांत सात कामे धरली आणि सोडली. बेकरी, टायरचे दुकान, बर्फाचा कारखाना, जहाजांना रंग द्यायचे काम, बाकीची सांगण्यासारखी नाहीत. गल्लीत मला भिंगरी म्हणतात. सध्याच्या कामावर मात्र एक वर्ष चार महिने टिकलो. बायको शेजारणीला सांगायची, "ह्याला कोणीतरी पाइपात घालून दोन्हीकडून झाकण लावलंय, म्हणून थांबलाय." मला फोनवर म्हणायची, "आता झाकण काढून पळून येऊ नकोस. दोघं येतायत, त्यांना बाप कामावरचा पाहिजे."

दोघं म्हणजे जुळी. तिसरा महिना लागल्यावर सोनोग्राफीत दोन दिसली. तेव्हा मी सुट्टीवर होतो. डॉक्टर मॅडमनी जे सांगितले ते मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे, बायको आत एकटी नव्हती. मॅडम म्हणाल्या, एक बाळ असतं त्यापेक्षा दोन असताना आईचं बीपी चढायची भीती दुपटी-तिपटीने जास्त. त्यात हे पहिलंच बाळंतपण. त्यांनी त्या दुखण्याचे इंग्रजी नाव सांगितले, ते मला म्हणता येत नाही. सहाव्या महिन्यानंतर केव्हाही येऊ शकते, आणि बाई बोलतेचालते तोवर कळतही नाही असे सांगितले. झोपताना घ्यायची एक लहान गोळी दिली. ती बायकोने एकही दिवस चुकवली नाही, रिकामी पाकिटे घरी आहेत. एक छापील कागद दिला. डोकं दुखलं, डोळ्यांना अंधुक दिसलं, बरगडीखाली दुखलं, तोंड-हात सुजले, किंवा वरचा आकडा एकशे चाळीस नि खालचा नव्वद, यातला एकही गाठला, तर त्याच दिवशी यायचं. मॅडमनी मला विचारले, "काय समजलं ते सांगा." मी घडाघडा म्हणून दाखवले. त्या बायकोला म्हणाल्या, "नवरा हुशार आहे हो." बायको म्हणाली, "घरी या, मग दाखवते तुम्हाला किती हुशार ते."

दवाखाना बसने पाऊण तासावर. पाचव्या महिन्यानंतर पोट एवढे वाढले की बसमध्ये दोन माणसांची जागा लागायची. म्हणून मॅडमनी असे ठरवून दिले की घरी बीपीचे मशीन घ्यायचे, रोज सकाळी आठ वाजता मोजून वहीत लिहायचे, सिस्टर सोमवारी आणि गुरुवारी फोन करून वहीतला आकडा विचारतील, आणि दर चौदा दिवसांनी सोमवारी दवाखान्यात येऊन लघवी तपासायची. मशीन मी विकत घेऊन पाठवले. हाताला पट्टा गुंडाळून बटण दाबायचे, तसले.

मला विचारले असता माझ्या कामाबद्दल सांगतो. नवीन पाइपलाइन टाकली की तिच्यात पाणी भरून दाब चढवतात आणि तो दाब ठरलेले तास टिकतो का ते बघतात. टिकला तर लाइन पास. मी गेजपाशी बसून दर अर्ध्या तासाला काटा वाचतो आणि मोठ्याने ओरडतो. आमचे फोरमन, त्यांना सगळे मामा म्हणतात, ते कागदावर लिहितात. उन्हाने पाइप तापतो, काटा नाचतो. मामा सांगतात, "गेजला पहिल्यांदा घाबरायची सवय असते. थोपट, दम खाऊ दे, परत वाच." तिसऱ्या-चौथ्या वेळी पाहिजे तो आकडा येतो. तो लिहायचा. आधीचे सोडून द्यायचे. हे चोरी म्हणून कोणी करत नाही, सगळीकडे असेच चालते. मीही वर्षभर तेच करत होतो आणि आमची एकही लाइन अजून फुटलेली नाही.

मशीन घरी पोचले त्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी व्हिडिओवर बायकोला आणि आईला ते शिकवले. पट्टा कसा बांधायचा, बटण कुठले. त्यानंतर मी पुढचे शब्द बोललो, मला ते आठवतात. "पहिला आकडा धरायचा नाही. मशीनला दम खाऊ द्यायचा. तीनदा घ्यायचं आणि त्यातला चांगला तो लिहायचा." आई म्हणाली, "चांगला म्हणजे मोठा का लहान?" मी म्हणालो, "लहान गं. बीपी आहे ते, परीक्षेचे मार्क आहेत का?" तिघे हसलो. हे डॉक्टर मॅडमनी सांगितलेले नव्हते. सिस्टरनी सांगितलेले नव्हते. मशीनच्या कागदात असे नाही. हे मी माझ्या कामावरचे घरी नेले.

सातव्या महिन्यापर्यंत पहिलाच आकडा बरा येत असे, म्हणून या शिकवण्याने काही बिघडले नाही. मी रोज बारा वाजता जेवणाच्या सुट्टीत फोन करायचो. ती पोटातल्यांना डावा आणि उजवी म्हणायची. डाव्याने लाथा घातल्या, उजवी शहाणी आहे, झोपलीय, असे रोजचे बातमीपत्र. मी विचारायचो, "तुला कसं कळलं की डावा मुलगाच आहे?" ती म्हणायची, "एका जागी बसत नाही मेला, कोणावर गेलाय ते दिसतंच आहे."

सतरा दिवसांपूर्वीच्या सोमवारी ती दवाखान्यात गेली होती. बीपी एकशे सव्वीस, खालचे ब्याऐंशी, लघवी ठीक. पुढची तारीख चौदा दिवसांनी. त्याच आठवड्याच्या शेवटी पाय सुजले. मशीनचे पायडल मारताना चप्पल घालता येत नाही म्हणाली. आई म्हणाली, दोन आहेत पोटात, सूज असायचीच. मीही तेच म्हणालो. फोनमध्ये तिचे तोंड भरल्यासारखे दिसत होते. मी म्हणालो, "काय गं, गालांना बाळसं तुलाच आलं का आधी?" ती म्हणाली, "ये इथे, मग गाल दाखवते."

मागच्या आठवड्यात सोमवारी आणि मंगळवारी तीनदा मोजल्यावर बरा आकडा आला. वहीत सोमवारी एकशे चौतीस, मंगळवारी एकशे छत्तीस असे आहे. सोमवारी सिस्टरचा फोन आला, त्यांना वहीतला आकडा सांगितला. याच दोन दिवसांत आईच्या लक्षात आले की सुनेला डाव्या कुशीवर निजवून वरच्या, म्हणजे उजव्या हाताला पट्टा बांधला की आकडा उतरतो. आईने मला हे कौतुकाने सांगितले. मी आईला शाबासकी दिली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला नंतर समजावले की तसे झोपल्यावर हात छातीच्या वर राहतो, म्हणून आकडा खोटा उतरतो, बीपी तेवढेच असते.

बुधवारी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी बायकोचा फोन आला. त्या वेळेला ती कधी फोन करत नाही. मी गेजपाशी होतो, लाइनमध्ये दाब चढलेला होता. ती म्हणाली, "अरे, आज तीनदा घेतलं, तिन्ही वेळा मोठाच येतोय. आईंनी आडवं करून बघितलं, तरी मोठाच. काय करू?" मी विचारले, किती मोठा. ती म्हणाली, "दीडशेच्या वर." मामा मागून ओरडत होते, "भिंगऱ्या, काटा वाच, बायको नंतर वाच!" मी तिला म्हणालो, "घाबरलीस म्हणून चढलंय. दहा मिनिटं पडून राहा. दम खा. परत घे." ती म्हणाली, "आणि परत मोठा आला तर?" मी म्हणालो, "परत घे. येतो गं तो खाली." फोन एक मिनिट चाळीस सेकंदांचा आहे. फोन मी जमा करायला तयार आहे.

नऊ वाजून पाच मिनिटांनी तिने मशीनच्या काचेचा फोटो पाठवला. एकशे अडतीस, खाली अठ्ठ्याऐंशी. खाली लिहिले होते, "सातव्या वेळी पास." पुढे हसरे तोंड. मी अंगठा पाठवला.

पास हा शब्द आमच्या कामावरचा. तिने माझ्याकडून उचललेला.

गुरुवारचे सांगतो, कारण तक्रार गुरुवारच्या फोनवरून आहे. अर्जात असे लिहिले आहे की गुरुवारी सिस्टरनी फोनवर फक्त आकडा लिहून घेतला आणि बाईला बोलावले नाही. सिस्टर म्हणतात, मी बोलावले होते. त्यांच्या कार्डावर "उद्या दाखवायला यावे" असे लिहिलेले आहे. मेहुण्यांचे म्हणणे, ते मागाहून लिहिले, शाई वेगळी दिसते. आईला विचारले तर आई त्या वेळी नळावर होती. बायको आता सांगू शकत नाही. म्हणजे त्या फोनवर काय बोलणे झाले ते सिस्टर सोडून कोणाला माहीत नाही असे सगळे धरून चालले आहेत.

मला माहीत आहे. गुरुवारी बारा वाजता मी रोजच्यासारखा फोन केला तेव्हा बायकोने मला सांगितले. तिचे शब्द: "सिस्टर म्हणाल्या, आकडा बरा आहे, पण डोकं दुखतंय म्हणतेस ना, मग उद्या येऊन दाखवून जा, सोमवारची वाट बघू नकोस." तिने मला विचारले, "जाऊ का उद्या?" डोके दोन दिवसांपासून दुखत होते, ते तिने मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितले. मी विचारले, "आज आकडा काय?" ती म्हणाली, "एकशे छत्तीस. पाचव्या वेळी." मी म्हणालो, "मग झालं तर. मशीनवर वाकून वाकून डोकं दुखतंय तुझं. दप्तरं बंद कर. सोमवारी जायचंच आहे. चार दिवसांसाठी दोन-दोन पोरं घेऊन बसमध्ये आदळत जाऊ नकोस."

ती म्हणाली, "नक्की ना?"

मी म्हणालो, "नक्की."

ती म्हणाली, "बरं. मी काही बोलले की तू काम सोडून येशील अशी धास्ती असते मला. तू नक्की म्हणालास ना, बस."

म्हणून शुक्रवारी ती गेली नाही. सिस्टरनी बोलावले होते, मी जाऊ दिले नाही. सिस्टरच्या कार्डावरची शाई कशीही असो, मजकूर खरा आहे.

शुक्रवारी वहीत एकशे अडतीस लिहिले आहे. बारा वाजता बोललो तेव्हा ती कमी बोलली. उजवी पण आता लाथा मारते म्हणाली. आवाज जड वाटला. मी विचारले नाही.

शनिवारचे मी बघितलेले नाही, आईने सांगितले तसे सांगतो. सकाळी दहाच्या सुमारास बायकोला उजव्या बरगडीखाली दुखायला लागले. आईला पित्त वाटले, तिने कोमट पाणी दिले. मशीन एकदाच लावले. आलेला आकडा बघून दोघींनी तो लिहिला नाही, थोड्या वेळाने परत घेऊ असे ठरवले. अकरा वीसला ती म्हणाली, "आई, भिंतीवर काजवे चमकतायत." आई म्हणाली, "डोळे मीट, चक्कर असेल." अकरा चाळीसला तिला झटका आला. दात बसले. आईने आरडाओरडा केला, शेजारचा टेम्पोवाला आला, त्याने मागच्या मालाच्या पेट्या रस्त्यावर टाकल्या आणि तिला निजवून नेले. साडेबाराला मोठ्या दवाखान्यात पोचले. वाटेत दुसरा झटका. तिथे झटक्याचे औषध शिरेतून दिले, बीपी उतरवायचे दिले आणि दीड वाजता पोट उघडले. मुलगी निघाली, ती रडली. मुलगा निघाला, तो रडला नाही. मुलगी चौदाशे ग्रॅम. मुलगा त्याहून मोठा होता, सोळाशे. बायकोच्या मेंदूत रक्त उतरले होते. ती शुद्धीवर आली नाही. रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी गेली.

मला शनिवारी बारा वाजताच कळले असते, मी फोन केला होता. फोन घरी गादीवर वाजत राहिला. मी चार वेळा केला. मला वाटले, झोपली असेल. एक वाजता आईने टेम्पोवाल्याच्या फोनवरून सांगितले. मी तिथून आहे त्या कपड्यांत निघालो. दोन गाड्या बदलून सोमवारी सकाळी पोचलो. माझी वाट बघता येण्यासारखी नव्हती, असे सांगितले. दोघांचे उरकले होते. मी कोणालाच बघितले नाही. मुलीला काचेतून बघितले.

सोमवारी संध्याकाळी मी घरी बीपीचे मशीन हातात घेतले. आमच्या कामावरच्या नव्या गेजमध्ये आधीचे आकडे साठवलेले असतात, म्हणून यातही असतील असे वाटून मी बटणे दाबून बघितली. होते. वेळेसकट. वहीत रोजचा एक आकडा आहे, मशीनमध्ये सगळे आहेत. बुधवारचे सात असे: एकशे अठ्ठावन्न, एकशे बासष्ट, एकशे छप्पन्न, एकशे साठ, एकशे चौपन्न, एकशे अठ्ठेचाळीस, एकशे अडतीस. गुरुवारचा पहिला एकशे चौसष्ट. शुक्रवारी सहा वेळा मोजले आहे, पहिला एकशे अडुसष्ट, खालचा एकशे दहा. शनिवारी एकच, एकशे अठ्ठ्याहत्तर, खालचा एकशे सोळा. मशीन आणि वही दोन्ही मी आज हजर केली आहेत. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी विचारले, बुधवारचा पहिलाच आकडा धरून नेले असते तर. ते म्हणाले, "भरती करून घेतलं असतं, औषधं चालू केली असती. दोघांना वाढायला थोडे दिवस मिळवले असते, किंवा लगेच बाहेर काढलं असतं. बहुतेक बायका वाचतात यातून." मी विचारले, गुरुवारी. ते म्हणाले, "तरीही." मी शुक्रवारचे विचारले नाही. ते आपणहून म्हणाले, "शुक्रवारीसुद्धा."

आईबद्दल सांगतो. आईला अक्षरे येत नाहीत, आकडे ओळखते. तिने मी सांगितले ते केले, एक दाणाही जास्त नाही. तिला अजून कळलेले नाही की त्या मोजण्यात काही चुकले. ती सगळ्यांना सांगते, मी रोज सात-सात वेळा मोजत होते हो, काही कसूर केली नाही. तिचा जबाब घ्यायचा असेल तर मला समोर बसू द्यावे.

मेहुण्यांबद्दल विचारले असता सांगतो. ते काच कापायचे दुकान चालवतात. माणूस चांगला आहे. मी आल्यापासून मला एक शब्द वाकडा बोललेले नाहीत. मी काही खात नव्हतो तर माझ्यासमोर ताट घेऊन बसले. म्हणाले, "भाऊजी, तुम्ही कशाला मान खाली घालता? तुम्ही लांब कामावर, तुमचा काय दोष? दोष तिचा आहे, जिला फोनवर दोन शब्द जड झाले." सिस्टरला कामावरून घरी बसवले आहे, ते त्यांच्याच अर्जामुळे. सिस्टरच्या दारापुढे जाऊन त्यांनी तमाशा केला, तिथे मी त्यांच्या शेजारी उभा होतो. सिस्टर दारात आल्या, वयाने माझ्या आईएवढ्या आहेत. त्या मेहुण्यांशी बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "बाळा, मी तिला ये म्हणाले होते रे. तुला काही बोलली नाही का ती?" मी म्हणालो, "नाही."

हे खोटे बोललो. मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता, गल्लीतल्या पंधरा-वीस माणसांसमोर. सिस्टरनी दार लावून घेतले. त्यानंतर दोन दिवस मी गप्प राहिलो. आज अर्ज समोर ठेवला तेव्हा पेन हातात घेतले होते.

मी गप्प का राहिलो असे साहेबांनी विचारले. कारण असे की, मुलगी काचेच्या पेटीत आहे आणि तिला वहिनी, म्हणजे मेहुण्यांच्या बायको, दूध देतात. त्यांचा स्वतःचा मुलगा आठ महिन्यांचा आहे. दर तीन तासांनी दूध काढून नळीने मुलीला देतात. डॉक्टर म्हणाले, ते दूध आहे म्हणून वजन धरून आहे. काल वीस ग्रॅम वाढले. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, ही आता माझ्याकडेच वाढेल. तुम्ही याल-जाल तसे बघून जा. आईंना या वयात झेपणार नाही." मेहुणे म्हणाले, "आधी त्या बाईला आत घालू, मग पोरीचं बारसं करू." मी जे आज लिहून देत आहे ते कळल्यावर मेहुणे माझे तोंड बघणार नाहीत. बहिणीवर त्यांचा फार जीव. मुलगी मला दिसेल की नाही सांगता येत नाही. दूध बंद करणार नाहीत असे मला वाटते, वहिनी तशा नाहीत. पण नक्की म्हणून सांगू शकत नाही. नक्की हा शब्द मी आता कशासाठी वापरत नाही.

साहेब म्हणाले, यात कायद्याने तुझ्यावर काय लागेल ते बघावे लागेल, कदाचित काहीच लागणार नाही. मी त्यासाठी आलेलो नाही. काही लागले तर माझी हरकत नाही, न लागले तर मी कुठे जायचे ते मला माहीत नाही. कामावर परत जाणार नाही. मामांचा फोन आला होता, जागा ठेवली आहे म्हणाले. मी त्यांना बुधवारचे सात आकडे वाचून दाखवले. ते म्हणाले, "अरे, आपलं ते लोखंड आहे रे."

सिस्टरला कामावर परत घ्यावे. त्यांच्या दारात मी खोटे बोललो तेव्हा जेवढी माणसे होती तेवढ्यांसमोर जाऊन खरे सांगायला मी तयार आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

मेहुणे आणि वहिनी आत्ता बाहेर बाकावर बसले आहेत. मी सही करून येईन असे त्यांना वाटते. माझी विनंती एवढीच की हा जबाब त्यांना ठाण्यातून कोणी सांगू नये, मी सांगेन. चार वाजता मुलीच्या दुधाची वेळ आहे. इथून दवाखान्यापर्यंत वीस मिनिटे लागतात. आत्ता सांगितले तर वहिनींना त्रास होईल, दूध यायचे नाही. चारचे दूध देऊन त्या बाहेर आल्या की मी मेहुण्यांना बाजूला घेऊन सगळे सांगतो. त्यापुढच्या सातच्या दुधाचे मी आत्ता काही ठरवलेले नाही.

एवढाच माझा जबाब. अंमलदारांनी तो मला सावकाश मोठ्याने वाचून दाखवला, मी सांगितले तसाच उतरला आहे. एका ठिकाणी "एक अर्भक मृत" असे लिहिले गेले होते, तिथे सांगून "मुलगा निघाला, तो रडला नाही" असे करून घेतले आणि त्या खाडाखोडीशेजारी वेगळी सही केली. बाकी मजकूर खरा आहे.

सही, मुलाचा बाप.